वडनेर भोलजीची सुरमई

आमच्या कंपनीत सगळंच वाढवावं लागायचं. पेशी वाढवा, ऊब वाढवा, मुंबईवाल्यांचा उत्साह वाढवा. आपोआप वाढले ते फक्त किस्से! त्यांना ना टाकी लागली, ना खुराक. आता कोणाच्या लग्नात गेले की पंगतीत कोणीतरी हटकून म्हणतंच, "अश्विनी, ते तुमच्या बिनमाशाच्या माशाचं सांग ना वं!" आणि माझी जीभ काही माझ्या ताब्यात नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी धंदा सांगते. सुरमईच्या अंगातल्या चिमूटभर पेशी घ्यायच्या, स्टीलच्या टाकीत खुराकाच्या पाण्यात सोडायच्या, उबेत वाढवायच्या आणि गोळा जमला की सुरमई म्हणून विकायचा. ना समुद्र, ना होडी, ना जाळं. आणि हे सगळं कुठं? तर आमच्या वडनेर भोलजीला, हायवेच्या कडेला, जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये! इथून समुद्र बघायचा तर आधी खानदेश ओलांडा, मग नाशिक ओलांडा. कंपनीचे मालक निनाद सर पुण्याचे, बाहेरच्या देशात शिकून आलेले. वडनेर हे त्यांचं आजोळ. मामाच्या ओळखीनं शेड स्वस्तात मिळाली, एवढंच काय ते समुद्राशी नातं.

*

माझी मुलाखत झाली सरांच्या मामाच्या ओसरीवर. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., नांदुऱ्याच्या एका डेअरीत दूध तपासायची पक्की नोकरी. सरांनी डोळे बारीक करून विचारलं, "समुद्राशी तुझं कनेक्शन काय?"

म्हटलं, "सर, समुद्र पाहिलाच नाही. लोणारचं सरोवर पाहिलंय. तेही खारंच आहे."

"त्यात मासे आहेत?"

"नाही सर. त्या पाण्यात मासा जगतच नाही."

सर खुर्चीतून उठलेच! "एक्झॅक्टली! खारं पाणी आहे आणि मासा नाही! हेच तर आपलं व्हिजन आहे!"

मला नोकरी लागली. घरी बाबांनी कपाळाला हात लावला. "पक्की नोकरी सोडून मच्छी पेराले चालली का वं?" म्हटलं, "पाहाच तुम्ही." झालं, तिथून माझा जीव त्या कंपनीत अडकला. ती बुडाली तर बाबांसमोर उभं राहून 'हाव, चुकलं माझं' म्हणावं लागणार होतं, आणि ते माझ्याच्यानं होणारं नव्हतं.

*

शेडचे मालक भिकाजीआबा. पांढरं धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. शेड द्यायच्या आधी त्यांनी एकच अट घातली.

"निनादभाऊ, भाडं मांगंपुढं झालं त चालते. पन माह्या जागेत मास-मच्छी नाही पाह्यजे. ज्या दिवशी दिसली, त्या दिवशी तुमचं सामान रस्त्यावर."

सर गोड हसले. "आबा, मासा कुठाय यात? या नुसत्या पेशी आहेत. डोकं नाही, शेपटी नाही, जीव नाही. याला मासा म्हणणं म्हणजे अज्ञान आहे."

"म्हंजे मच्छी नाही?"

"अजिबात नाही!"

"जबान?"

"जबान!"

आबा खुश होऊन घराकडं वळले. त्यांची पाठ फिरते न फिरते तोच मुंबईहून फोन. पैसे लावणार होत्या त्या मॅडमचा. सर त्याच दारात, तोच हात तसाच हलवत म्हणाले, "मॅडम, 'माशासारखं' म्हणू नका प्लीज! हा मासाच आहे. हंड्रेड पर्सेंट मासा!"

मी फाईल धरून शेजारीच उभी होते. आबांसाठी मासा नाही, मॅडमसाठी मासाच. आबा फिरले तर शेड जाणार, मॅडम फिरल्या तर पैसा जाणार. त्या दोघांना एका खोलीत येऊ द्यायचं नाही, एवढ्यावर आमची कंपनी उभी होती.

*

अटीचा पहिला फटका बसला तो मला! आईनं एकदा डब्यात सुकटीची चटणी दिली. डबा उघडला तसा सरांनी नाकाला रुमाल लावला. "अश्विनी, हे आत नको गं. आबांची कंडिशन आहे ना."

मग काय, मी गेटाबाहेर, लिंबाखाली, उन्हात बसून जेवायला लागले. आणि आत एसीत काय चालू? मासा वाढवणं! आमच्या सुकटीला 'वास', आणि यांच्या सुरमईला 'अरोमा'! इतका संताप यायचा म्हणून सांगू!

आमचा गजू फिटर माझ्या जोडीला बाहेर येऊन बसायचा. फिटर म्हणजे तोच इलेक्ट्रिशियन, तोच ड्रायव्हर. शेडमध्ये जे चालायचं ते गजूमुळं आणि जे बंद पडायचं तेही गजूमुळंच. मला म्हणाला, "राहू दे वं. तुही मच्छी कधीतरी जित्ती होती म्हनून बाहेर. त्यायची पैदाच नाही झाली. ज्याची पैदाच नाही, त्याले कोन बाहेर काढन?"

*

चव घ्यायला माणसं लागतात. सरांनी स्टाफचंच एक पॅनल केलं आणि वार ठरवला गुरुवार. वडनेरहून गजानन महाराजांचं शेगाव किती जवळ आहे, हे पुण्याच्या माणसाला कोणी सांगायचं! गुरुवारी सगळे हात मागं बांधून रांगेत उभे. "सर, आज गुरुवार हाय."

"बरं, सोमवारी?"

"सोमवार महादेवाचा."

"मंगळवारी?"

"देवीचा."

"शनिवारी?"

"मारुतीचा, सर."

सर वैतागले. "मग तुम्ही लोक नॉनव्हेज खाता तरी कधी?"

गजू म्हणाला, "बुधवारी, शुक्रवारी. अन् कोनी पाहून नाही राह्यलं त रोजच."

बुधवार ठरला. आणि नेमका त्याच बुधवारपासून श्रावण लागला! सरांचा पारा चढला. "अरे, पण हा मासा नाहीये! आबांना मी तेच सांगितलंय ना?"

गजूनं भिंतीकडं बोट दाखवलं. "भितीवर त इंग्रजीत 'रिअल फिश' लिवलं हाय तुमी. आबाले इंग्रजी वाचता येत नाही सर, पन देवाले येते."

शेवटी पॅनलमध्ये उरले मी एकटी. आमच्या बौद्धाघरी ना गुरुवार आडवा येतो, ना श्रावण. मी एक घास खाल्ला. चव म्हणाल तर पाण्यात भिजलेला खोडरबर! पण सर समोर डोळे लावून बसलेले. म्हटलं, "मीठ कमी आहे." दुसऱ्या दिवशी मॅडमना मेल गेला: 'संपूर्ण पॅनलचा प्रतिसाद सकारात्मक, मिठाबाबत एकमतानं सूचना.'

श्रावण सरल्यावर गजूनं खाल्ला. बराच वेळ जीभ फिरवत राहिला. मग म्हणाला, "काटाच नाही सर! जे खाता खाता बोलता येते ते मच्छी कायची?"

यावर मॅडमना गेलं: 'बोनलेस प्रीमियम.'

*

टाकीजवळ जायचं म्हणजे टोपी, मास्क, हातमोजे, वेगळी चप्पल. आत एक कण गेला तर सगळा माल नासतो, असं सरांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की ते झोपेत पाठ म्हणता आलं असतं. दसऱ्याला सर पुण्याला गेले. सकाळीच गजू आंघोळ करून, झेंडूचा हार, हळदी-कुंकू, नारळ घेऊन हजर.

म्हटलं, "गजू, टाकीला हात लावायचा नाही हं!"

"काऊन? वर्षभर राबते ते बिचारी! दसऱ्याले मशीनची पूजा नाही केली त रुसते वं बाप्पा!"

"बरं, बाहेरूनच कर."

त्यानं बाहेरूनच केली, शपथेवर सांगते. हार घातला, हळदी-कुंकू वाहिलं. मी नारळाचं खोबरं कापायला वळले आणि तेवढ्यात याच्या मनात काय आलं कोण जाणे. "पोटात लेकरू वाढून राह्यलं, त्याले अक्षत नको का?" असं म्हणत वरचं छोटं झाकण फिरवून चिमूटभर अक्षता आत टाकून मोकळा!

सर परत आले तेव्हा टाकीत हिरवट-काळी बुरशी जाड सायीसारखी आलेली. सर ओरडलेच, "हे काय वाढलंय?"

गजू शांतपणे म्हणाला, "काई का असंना सर, वाढलं त खरं! आतापर्यंत एवढं त काईच वाढून नव्हतं राह्यलं."

मॅडमना सरांनी लिहिलं, 'टाकीत अनपेक्षित जैविक वाढ दिसून आली आहे.' मॅडमचं उलट टपाली उत्तर आलं, 'वाढीबद्दल अभिनंदन!'

पुढच्या खेपेला कोणी टाकीकडं बोट केलं नाही. हार नाही, अक्षत नाही, सगळं नियमानं. तरी माल मेला. त्याच्या पुढच्या खेपेला सर स्वतः शेगावच्या बाजारातून लिंबू-मिरची घेऊन आले आणि गजूला म्हणाले, "बाहेरूनच बांध."

*

आबांच्या घरी एक मांजर होती, चिंगी. आबांच्या मागंमागं फिरायची. आबा रोज सकाळी शेडला चक्कर मारायचे, ते आमच्यासाठी नाही, जबानीसाठी. आणि त्यांची तपासणीची पद्धत एकच: चिंगीला आत सोडायचं.

एकदा सरांनाच खुमखुमी आली. नवा माल जरा बरा जमला होता. त्यांनी एक तुकडा चिंगीसमोर ठेवला आणि श्वास रोखून उभे राहिले. चिंगी आली. वास घेतला. एकदा सरांकडं पाहिलं. आणि मग मागं वळून पंजानं फरशी खरवडायला लागली, माती लोटतात ना मांजरी घाण झाकायला, तशी!

सर पार खचले. बाहेरच्या देशात शिकलेला माणूस, त्या दिवशी जेवला नाही.

आणि दारात उभे आबा डोळे पुसत होते! सरांचा खांदा थोपटून म्हणाले, "निनादभाऊ, मानलं तुमाले. मानूस खोटं बोलन, पन मांजर नाही बोलत. मच्छी असती त चिंगी दारातून हलली नसती. जबानीचा पक्का हाय गड्या तू."

*

मग मुंबईहून तक्रार आली, की मालाला वासच नाही. मॅडम म्हणाल्या, "समुद्र कुठाय निनाद? समुद्र आला पाहिजे!"

समुद्र वडनेरला आणायचा कुठून? सरांनी कुठकुठले अर्क मागवले. एकाला औषधाचा वास, एकाला वार्निशचा. शेवटी एक दिवस मी लिंबाखाली जेवत होते आणि सर येऊन माझ्या समोर मातीत बसले. इस्त्रीच्या पँटीवर! माझ्या डब्याकडं पाहत म्हणाले, "अश्विनी, ते... चिमूटभर देशील?"

शेडमध्ये तर चालणार नाही. म्हणून आम्ही सरांच्या कारमध्ये, हायवेवर ढाब्याच्या बाजूला काचा वर करून, सुरमईच्या गोळ्यात माझ्या आईची सुकटीची चटणी कालवली. सरांनी खाल्लं. डोळे मिटले. म्हणाले, "हाच! हाच तो मरीन नोट!"

म्हणजे बघा. जाळ्याशिवाय, होडीशिवाय, एकही जीव न मारता केलेल्या माशाला माशाची चव आणली कोणी? तर नांदुऱ्याच्या बाजारात मिळणाऱ्या, उन्हात वाळवलेल्या सुकटीनं! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग सरळ सुकटच काऊन नाही विकत?" हा प्रश्न मी सरांपर्यंत पोचवला नाही.

*

आणि मग मुंबईच्या मॅडम स्वतः यायच्या ठरल्या. फोनवर सरळ म्हणाल्या, "मी खाऊन बघेन, गावातल्या कोणाशी तरी बोलेन, आणि तिथंच सांगेन, पैसे देतेय की नाही." नाही म्हणाल्या तर कंपनीला कुलूप. मला तर बाबांचा चेहराच दिसायला लागला.

पहिलं काम, आबांना लांब पाठवणं. आबांची लेक लांब, लोणारकडच्या बीबी गावाला दिलेली. सर म्हणाले, "आबा, किती दिवस झाले, लेकीकडं गेला नाहीत. आमची गाडी न्या, गजू सोडेल." आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोटचा पोरगा एवढी चिंता नाही करत हो, निनादभाऊ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मोबाईलमध्ये बघत राहिले.

दुसरं काम, चव. या वेळी कारमध्ये कालवून भागणार नव्हतं. मॅडमना तव्यावरचं गरमागरम पाहिजे होतं. आणि मग, इतके दिवस गेटाबाहेर बसलेला माझा डबा सरांनी स्वतःच्या दोन्ही हातांनी आत नेला! मी मागून चालत होते. खरं सांगते, ऊर भरून आला आणि रागही आला, दोन्ही एकदम. वास दबावा म्हणून शेडभर अगरबत्त्या लावल्या.

मॅडम आल्या. सुती साडी, हातात पेन, मराठी चांगलं. टेबलाशी बसल्या, पहिला घास घेतला, थांबल्या. मी आणि सर एकमेकांकडं बघत नव्हतो.

"निनाद! अरे, हा मासाच आहे! अगदी माझ्या आजोळचा वास!"

दुसरा घास. तिसरा. सरांच्या गालावरून पाणी ओघळलं, त्यांनी पुसलंसुद्धा नाही. मॅडमनी कागद पुढं ओढले, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "आता फक्त गावातल्या कोणाशी तरी..."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

दारात भिकाजीआबा! एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शाल. मागं मान खाली घातलेला गजू. माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "वाटंत खामगावले चहा पेता पेता तोंडातून निघून गेलं वं, मुंबईचे पाहुने येऊन राह्यले म्हनून. मंग काय आयकतेत का!"

"दारी एवढा मोठा पाहुना अन् घरधनी लेकीकडं?" आबा सरांना दटावत म्हणाले. "लोक तोंडात शेन घालतीन ना माह्या!" मग नाक वर करून, "वा, पूजा केली वाट्टे!" त्यांनी मॅडमना शाल दिली, नारळ दिला, आणि समोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसले. चिंगी त्यांच्या मागून आत आली आणि टेबलाखाली गेली.

मॅडम खुश. "तुम्ही इथले मालक ना आजोबा? सांगा, हा मुलगा कसा आहे? आम्ही याच्यावर बराच पैसा लावतोय."

"मॅडम, आबांना यातलं टेक्निकल..." सर घाईनं म्हणाले.

"बोलू दे रे त्यांना!"

आबांनी घसा साफ केला. माळ हातात घेतली. इतक्या मनापासून मी कोणाला कोणाबद्दल बोलताना ऐकलं नाही.

"ताई, निर्धास्त पैसे लावा. असा सच्चा मानूस पुन्यात काय, मुंबईत नाही भेटनार. पहिल्या दिवशी यानं मले जबान देली होती. अन् या तुळशीच्या माळेची आन घेऊन सांगतो, आजपावतर या पोरानं मच्छीचा एक तुकडा बनोला नाही!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"खोटं वाटत असन," आबा म्हणाले, "त हे चिंगी साक्षी हाय."

आणि चिंगी, जिनं आमच्या सुरमईकडं आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती टेबलावर चढली, मॅडमची प्लेट गुरगुरत चाटूनपुसून साफ केली आणि वर आणखी मागायला लागली.

मॅडमनी आबांकडं पाहिलं. आबांनी सरांकडं पाहिलं. आणि सरांनी पाहिलं माझ्या डब्याकडं.